कोतवालाचं मत

पूल नाही तर मत नाही, असं गावानं पारावर ठरवलं आणि नारळ फोडून शपथ घेतली. नारळ पुढाऱ्यांनीही फोडला होता, पुलाचा; खोबरं मात्र त्यांनीच खाल्लं. वरवट बकालहून येणारी एसटी अजून नदीच्या पलीकडंच थांबते. गेल्या पावसाळ्यात आमच्या कोतवालाची, वामनची लेक रेणुका बाळंतपणाच्या कळा सोसत अलीकडच्या काठावर खाटेवरच दगावली. त्यानंतर कोणाला काही समजवायची गरज उरली नाही.

मतदानाच्या दिवशी सकाळीच तहसीलदारबाई येऊन धडकल्या. आधी गोड बोलल्या, मग गुन्हे दाखल करायच्या गोष्टी सुरू झाल्या. गावात मोठं शेत असलेल्या भगवंतरावांनी त्यांना बसा म्हटलं नाही, कोणी पाणी विचारलं नाही. मला तर त्यांचं तोंडही बघवत नव्हतं. दुपार झाली तरी शाळेतल्या केंद्राकडं काळं कुत्रं फिरकलं नाही, आणि बाईंना जिल्ह्यावरून फोनवर फोन. गावाचा आकडा शून्य गेला असता तर त्यांची धडगत नव्हती.

मग त्यांची नजर वामनवर गेली. कोतवाल म्हणजे सरकारचा गावातला शेवटचा माणूस. दवंडी त्यानंच द्यायची, नोटिसा त्यानंच वाटायच्या. शिवाय त्याचं मत गावातलंच. एकानं दिलं की बाकीचे मागोमाग येतील, असा बाईंचा हिशेब. मत दे, नाहीतर कोतवाली विसर, असं त्यांनी त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. वामन मान खाली घालून शाळेत गेला आणि बोटाला शाई लावून बाहेर आला.

आमचं डोकं फिरलं. कोणी थुंकलं, कोणी चप्पल भिरकावली. मीही तोंडाला येईल ती शिवी हासडली. आम्ही त्याच्या मागं मागं त्याच्या घरापर्यंत गेलो, पण बातमी आधीच पोचली होती. त्याच्या बायकोनं, सिंधूनं, आतून कडी लावली.

"पोरीच्या राखेवर पाय देऊन आला तू," ती आतून म्हणाली. "जाय आता तुह्या बाईकडं."

तो काहीतरी सांगू लागला. ते ऐकायला ना ती तयार होती, ना आम्ही. मग तो ओट्यावर बसला तो बसलाच.

संध्याकाळी मतदान संपलं आणि बाईंची जीप थेट त्याच्या दारात आली. शाबासकी द्यायला आल्या असतील म्हणून आम्ही दातओठ खाल्ले. पण बाई खाली उतरल्या त्या रागानं लालबुंद होऊन.

"सही केलीस, शाई लावून घेतलीस आणि बटण न दाबता बाहेर आलास? मशीनमध्ये आकडा शून्यच! मला मूर्ख समजतोस? उद्यापासून कामावर यायचं नाही."

जीप गेली. भगवंतराव कसेबसे म्हणाले, अरे सांगायचं नाही का आधी. वामननं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

कडी निघाली. सिंधू दारात आली, तेव्हा तो बोलला.

"गावानं नाई ओळखलं, चालते. तुनं बी मले नाई ओळखलं?"

सिंधू त्याच्यापासून हातभर अंतरावर ओट्यावर बसली. आत चल म्हणायची तिची हिंमत झाली नाही.