कुशाबाईनं दिलेला पाठिंबा

मोहितशेठ पाठिंबा मागायला आला तेव्हा कुशाबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. शेठ वाकून चक्क पाया पडला. वा रे वा! आठ वर्षांपूर्वी, नुसता नगरसेवक असताना, ह्याच माणसानं तिची टोपली लाथेनं उडवली होती. जुन्नरच्या पेठेत, भर रविवारच्या बाजारात. "ऊठ गं म्हातारे, रस्ता काय तुझ्या बापाचा?" म्हणाला, आणि सांडलेले टोमॅटो गोळा करायला वाकलेल्या तिच्या नवऱ्याला, सावळेरामला, चार लोकांत ढकलून दिलं. लागलं काही नव्हतं. पण माणूस त्या दिवशी घरी गेला, तो पुन्हा बाजारात आलाच नाही. तोंड दाखवायची लाज वाटते म्हणायचा. वर्षाच्या आत गेला. कुशाबाईनं तेव्हापासून डूख धरला होता.

आता शेठला नगराध्यक्ष व्हायचं होतं, आणि पेठेतल्या भाजीवाल्या बायांच्या संघटनेची अध्यक्ष होती कुशाबाई. घरची माणसं धरून चारशे मतं, ती सांगेल तिथं पडायची.

"आजी, झालं गेलं विसरा," शेठ म्हणाला. "पाठिंबा द्या. तुमच्या टोपलीला कुणी हात लावणार नाही."

"तोंडी नको, लिहून दे. बाया हाय त्याच जागी बसतील म्हणून. शिक्क्यासकट."

शेठ जरा कचरला. पण चारशे मतं! लेटरहेड मागवलं, सही ठोकली. "मतदान होईपर्यंत पिशवीतच ठेवा बरं का."

का, ते कुशाबाईला पक्कं ठाऊक होतं. शेजारी बसणारी मोहिनी व्यापारी मंडळाच्या अध्यक्षांच्या, चंपालालशेठच्या, घरी भाजी पोचवायची. तिनं कानांनी ऐकलं होतं. निवडून आलो की भाजीवाल्या उठवतो, असा शब्द मोहितशेठनं त्यांना दिला होता. आणि आजच चार वाजता मंडळ त्याला पाठिंबा जाहीर करणार होतं.

मोहिनीनं पत्र दोनदा वाचलं. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मावशे, जागेचा असा कागद आजवर कुणी दिला न्हाई. जपून ठेव. निवडून आला की ह्याच कागदावर धरू त्याला."

"व्हय," कुशाबाई म्हणाली. पत्र कमरेला खोचलं आणि सगळ्या बायांना घेऊन साडेतीनला निघाली.

मंगल कार्यालय व्यापाऱ्यांनी भरलं होतं. मोहितशेठ गळ्यात हार घालून स्टेजवर बसला होता. चंपालालशेठ माईकपुढं उभे राहिले तोच कुशाबाई पायऱ्या चढून वर गेली.

"शेठ, आमचा बी पाठिंबा ह्यांनाच बरं का. हे बघा, कशापायी देतोय ते."

चंपालालशेठनी चष्मा लावला आणि माईक चालू असतानाच पत्र वाचलं. सगळं. खाली एकच गलका झाला.

"खोटं आहे हे!" मोहितशेठ ओरडला.

"मग म्हण की, बायांना उठवणार म्हणून. दारात उभ्या हायेत त्या, ऐकू दे त्यांनाबी."

इकडं व्यापारी, तिकडं बाया. शेवटी रागाच्या भरात त्यानं पत्र हिसकलं आणि टराटरा फाडलं. झालं! बायांना काय कळायचं ते कळलं. चंपालालशेठनी पाठिंब्याचा कागद घडी करून खिशात ठेवला.

दोनशे अकरा मतांनी पडला मेला! कुशाबाईनं पेठेत पेढे वाटले. एक त्याच्या उंबऱ्यावर ठेवून आली आणि म्हणाली, "सावळेरामच्या नावचा हाय." आठ वर्षांत ती इतकी पोटभर हसली नव्हती.

निवडून आलेल्याला ऐनवेळी व्यापाऱ्यांनी पाठिंबा दिला होता. त्यानं मात्र त्यांना दिलेला शब्द पाळला. महिन्याभरात ट्रॅक्टर घेऊन माणसं आली, रस्ता मोकळा करायला.

"मावशे," मोहिनी म्हणाली, "तू गप बसली असतीस तर शेठ निवडून आला असता, आन आज आपल्या हातात कागद असता."

कुशाबाईला हे त्या दिवशी साडेतीन वाजताही कळत होतं. ती टोपलीत जुड्या भरत राहिली.

"आजी, उचलू का?" ट्रॅक्टरवरच्या माणसानं विचारलं.

"हात लावू नगंस."

तिनं स्वतः टोपली डोक्यावर घेतली आणि ताठ मानेनं चालू लागली. ह्या बारीला टोपलीला कुणाचा पाय लागला नव्हता. मागं मोहिनी रडत होती. तिच्याकडं मात्र कुशाबाईला वळून बघवलं नाही.