भिंतीलगतची खुर्ची

मी एक जुनी, हात नसलेली खुर्ची आहे. मित्रांनो, माझे पाय माणसांच्या नव्हे, फायलींच्या भाराने थकले आहेत.

विद्यापीठाच्या सभेत कर्मचाऱ्यांचा एक व विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी असावा, असा नियम झाला, तेव्हा सुताराने मला आणि माझ्या बहिणीला घडविले. मेज मात्र तेवढेच राहिले. म्हणून आम्हां दोघींना भिंतीलगत ठेवण्यात आले. पहिल्या सभेत आमचे केवढे कौतुक झाले! पुढे आमच्यावर फायली आल्या, छत्र्या आल्या. बहिणीचा पाय निखळला आणि ती अडगळीत गेली. प्रतिनिधी येत, उभे राहत, सही करून जात.

सहीचीही एक रीत होती. चहाबरोबर हजेरीचा म्हणून जो कागद फिरे, तो आदल्या दिवशीच टंकलिखित झालेल्या इतिवृत्ताचे शेवटचे पान असे. त्यावर ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द आधीच विराजमान असत.

एके दिवशी तळमजल्यावरचा वाचनकक्ष तिसऱ्या मजल्यावर हलवून त्याच्या जागी पाहुण्यांसाठी बैठकीची खोली करण्याचा विषय होता. इमारतीला लिफ्ट नव्हती, आणि विद्यार्थ्यांची नवी प्रतिनिधी कुबड्या घेऊन चालणारी होती. कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी ग्रंथालयातले वृद्ध परिचर. त्यांना सारे मामा म्हणत. त्यांनी माझ्यावरच्या फायली खाली ठेवल्या.

“बस, पोरी.”

“आणि तुम्ही?”

“मी तीस वर्षं उभाच आहे गं. आता बसलो तर गुडघे दचकतील.”

कुलसचिव कुरकुरले, “मामा, महत्त्वाच्या फायली आहेत त्या!”

“म्हणून तर साहेब, इतके दिवस त्यांना बसवून आम्ही उभे राहिलो.”

कागद आला. मामांनी सवयीने सही केली. मुलीने मात्र तो वाचला.

“मामा, तुम्ही वाचनकक्ष हलवायला मंजुरी दिलीत?”

“छे गं! मी हजेरी लावली.” त्यांनी चष्मा चढवून ओळ वाचली. चेहरा उतरला. “म्हणजे... आजवर सगळ्यालाच मी हो म्हणत आलो?”

मुलीने आपली सही करून तिच्याखाली लिहिले : ‘हजर आहे. संमती नाही.’ मामांनी कागद परत मागून घेतला आणि तेच शब्द आपल्या सहीखाली उतरविले.

कुलगुरूंनी ते पान दोनदा वाचले. “मग हे सर्वानुमते कसं म्हणायचं?” ते हळूच म्हणाले, आणि विषय पुढील सभेवर गेला.

दुसऱ्या सकाळी फायली पुन्हा माझ्यावर आल्या. मी फार थकले आहे, मित्रांनो. पण उद्या ती सभा आहे, आणि आज दुपारी मामांनी अडगळीतून माझ्या बहिणीला आणले, तिचा पाय ठोकून बसविला, फायली खाली ठेवून मला पुसले. मग त्यांनी आम्हां दोघींना उचलून भिंतीपासून थेट मेजाला भिडविले.

तुम्ही कोणाला विचारविनिमयाला बोलवाल, तेव्हा आधी त्याची खुर्ची मोकळी करा. आणि त्याची सही घेण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐका.