आईची चार कडवी

माझ्या नावावर एकेचाळीस गाणी आहेत. त्यांतलं एकही मी स्वतः कागदावर उतरवलेलं नाही. मला गाणं सुचायचं ते बसच्या मागच्या बाकावर, नाहीतर चालताना. पुरं झालं की मी ते लेमन हार्जेटला म्हणून दाखवायचो आणि तो लिहून घ्यायचा. लेमन आमच्या बँडमध्ये ऑर्गन वाजवायचा. मला लिहिता-वाचता येत नाही हे त्याच्याखेरीज कुणाला माहीत नव्हतं. सही तेवढी यायची. तीही त्यानेच शिकवली, घोड्याचं चित्र काढायला शिकवावं तशी.

शाळेत मी गेलो, नाही असं नाही. पण मिसिसिपीत आम्हा काळ्या मुलांची शाळा कापूस वेचून झाल्यावर भरायची आणि पेरणी आली की सुटायची. माझे कान तिखट होते. शेजारचा पोरगा धडा वाचायचा, तो मी एकदा ऐकून उभा राहून घडाघडा म्हणायचो. मास्तरीणबाई खूश व्हायची. पुस्तक उलटं धरलंय हे तिला दोन वर्षं कळलं नाही. तिसऱ्या वर्षी मी शाळा सोडली.

माझा बाप पुराच्या वर्षी बंधाऱ्यावर वाळूची पोती टाकायला गेला, तो परत आला नाही. मी तेव्हा पोटात होतो. त्या वर्षी आईने एक गाणं रचलं. आईचं नाव आर्झेला. तिलाही अक्षर येत नव्हतं. आमच्या माउंट निबो चर्चमध्ये जवळजवळ कुणालाच येत नव्हतं, त्यामुळे एकाने उभं राहून ओळ द्यायची आणि सगळ्यांनी ती लांब ओढून म्हणायची, अशी रीत होती. आई ओळ द्यायची, नाहीतर चर्चमधला वडीलधारा सेवक, डीकन टॉलिव्हर.

थांब जरा, प्रभू, माझे पाय चिखलात,
तू पुढे गेलास, मला हाक ऐकू येईना.

अशी चार कडवी होती. ती म्हणायला लागली की पंख्याने वारा घेणाऱ्या बायांचे हात थांबायचे. तिच्या हयातीत ते गाणं कुणी शिकवलं नाही की शिकलं नाही. आई होती, म्हणून गाणं होतं. ओळ मिळाली की म्हणायची, इतकंच आम्हाला माहीत.

बासष्ट साली मेम्फिसमध्ये आम्ही एक रेकॉर्ड करत होतो. पुढच्या बाजूचं गाणं दुपारपर्यंत झालं. मागच्या बाजूला काहीतरी हवं होतं, आणि स्टुडिओचा मालक घड्याळ बघत होता.

"होझिया, आणखी एखादं दे," तो म्हणाला. "कसलंही चालेल. मागची बाजू कोण ऐकतंय?"

मी आईची चाल गुणगुणलो. लेमनने ऑर्गनवरचा हात उचलला.

"हे चर्चमधलं आहे ना?"

"आईचं आहे."

"मग प्रभूला काढ आणि एखादी बाई घाल," तो म्हणाला. "सगळे हेच करतात. देव काही कोर्टात जात नाही."

आम्ही बाहेरच्या बोळात उभे राहिलो. प्रभूच्या जागी पर्ली आली. बाकी पहिल्या दोन ओळी तशाच ठेवल्या. पुढचा चिखल, बंधारा, पाणी सगळं काढलं आणि रेल्वेगाडी, लाल बूट आणि स्टेशनवर न आलेली पर्ली असं घातलं. वीस मिनिटं लागली असतील. ट्रंपेटवाल्याने पहिल्या ओळीनंतर पॅप-पा-पॅप असा तुकडा टाकला. त्या तुकड्यानेच गाणं चाललं, असं नंतर लोक म्हणायचे.

मागची बाजूच वाजली. डेट्रॉइटपासून न्यू ऑर्लिन्सपर्यंत प्रत्येक खाणावळीतल्या, नाणं टाकून गाणी वाजवायच्या पेटीत ते होतं. मी आईला फ्रिज पाठवला, कोट पाठवला. गाण्याबद्दल ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

मग एका रविवारी धाकट्या बहिणीचा, व्हर्डेलचा, हॉटेलवर फोन आला. बहीण म्हणजे आईच्या दुसऱ्या नवऱ्याची मुलगी, पण आमच्यात सख्खं-सावत्र कधी नव्हतं.

"आज आईने तिचं गाणं सुरू केलं," ती म्हणाली. "पहिली ओळ दिली, आणि मागच्या बाकावरून टॉलिव्हरच्या नातींनी तोंडाने तुझा बाजा वाजवला. पॅप-पा-पॅप."

"मुद्दाम?"

"मुद्दाम कशाला? आवडतं त्यांना. अख्खा बाक हसला. मलाही हसू आलं, होझी, खोटं कशाला सांगू."

"मग?"

"मग काय. आई खाली बसली. डीकन टॉलिव्हरने दुसरं सुरू केलं."

"पुढच्या रविवारी म्हणेल."

"तू ये आणि सांग तिला तसं."

मी गेलो नाही. कार्यक्रम होते. आणि खरं सांगायचं तर काय सांगायचं हे मला ठाऊक नव्हतं. आईने ते गाणं पुन्हा कधी उचललं नाही. चर्चमध्ये नवीन मुलं आली, त्यांना फक्त पर्ली माहीत. जुनी माणसं एकेक करून गेली. मी मात्र रोज रात्री ते म्हणत होतो. तेरा वर्षं. लोक पैसे देऊन तेच ऐकायला यायचे. शेवटी शेवटी तर बाकीची चाळीस गाणी कुणाला नकोच होती.

पंचाहत्तर साली आईच्या पोटात गाठ निघाली. मेम्फिसच्या डॉक्टरने पानगळीपर्यंतची मुदत दिली. मी ऑगस्टमध्ये घरी गेलो. दुपारची वेळ होती. ती पडवीत बसून चवळीच्या शेंगा सोलत होती. वाळली होती, पण बोटं पूर्वीसारखीच चालत होती.

"रेकॉर्डवरचं नको," ती एकदम म्हणाली.

"काय नको?"

"मला पुराल तेव्हा. माझे शब्द म्हणा."

"म्हणू की."

"कोण म्हणणार? सगळ्यांना तुझंच येतं. डीकनची नात मला विचारते, आंटी आर्झेला, पर्ली खरंच होती का हो?" ती हसली. "म्हटलं, होती. माझी सून व्हायची होती, पण बूट घट्ट झाले तिला."

मीही हसलो. तेरा वर्षांत त्या गाण्याबद्दल ती पहिल्यांदाच बोलत होती.

"तुझी तुला येतात ना सगळी कडवी?" मी विचारलं.

"येतात. पण मेल्यावर मी उठून म्हणू का? जा, कागद आण."

"व्हर्डेल रविवारी येतेय. तिचं अक्षर..."

"व्हर्डेलने नेलं होतं का ते? तू नेलंस, तूच आणून ठेव. आणि एवढी वर्षं करतोस काय? रेकॉर्डवर तुझं नाव आहे, गाणं लिहिणारा म्हणून. मला पोस्टमनने वाचून दाखवलंय."

ते सांगताना तिचा चेहरा असा होता की मी उठलो. आत जाऊन व्हर्डेलच्या जुन्या वहीतला कागद फाडला, पेन्सिल घेतली आणि तिच्या पायाशी पायरीवर बसलो.

त्या क्षणी सांगायला हवं होतं. आई, मला नाही येत, इतकेच शब्द. तिलाही येत नव्हतं, तिला काय वाटणार होतं? पण माझा मुलगा लिहितो, ही एक गोष्ट तिने माझ्याकडून घेतली होती. फ्रिज तिने शेजारणीला देऊन टाकला होता.

तिने ओळ दिली. अगदी चर्चमध्ये द्यायची तशी, सावकाश, आणि मग थांबली, मी लिहून होईपर्यंत. मी मान खाली घालून कागदावर पेन्सिल फिरवली. स्टुडिओतल्या कारकुनाला लिहिताना पाहिलं होतं तशी. थोडी वर, थोडी खाली, मध्ये एखादं टिंब.

"झालं?"

"झालं."

मग पुढची ओळ. सोळा ओळी तिने अशा दिल्या. मध्ये एकदा दम लागला तेव्हा पाणी प्याली आणि पुन्हा तिथूनच सुरू केलं. आणि मी, ज्याला एकदा ऐकलेला धडा दोन दिवस पाठ असायचा, त्या मी त्यांतलं काहीही ऐकलं नाही. माझं सगळं ध्यान हाताकडे होतं. रेघा सारख्याच दिसू नयेत, ओळ फार आखूड होऊ नये, पेन्सिल थांबू नये, एवढंच मी बघत होतो.

वाचून दाखव, असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी पकडला गेलो असतो, आणि बरं झालं असतं.

तिने कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "तुझं अक्षर चांगलं आहे रे," ती म्हणाली. घडी घालून तिने तो बायबलमध्ये ठेवला.

मी त्याच आठवड्यात लेमनला सांगितलं. 

"तू गाढव आहेस," तो म्हणाला. "चल, उद्याच जाऊ. मी आत बसतो, तू तिला पुन्हा म्हणायला लाव. आवडलं म्हणून सांग. मी दाराआडून लिहितो."

"उद्या श्रेव्हपोर्टला कार्यक्रम आहे."

"मग त्यानंतर."

श्रेव्हपोर्टनंतर जॅक्सन होतं, जॅक्सननंतर मोबील. तेव्हा मला कार्यक्रम कमीच मिळत होते, आलेला सोडवत नव्हता. मोबीलला असताना व्हर्डेलचा निरोप आला. डॉक्टरने दिलेल्या मुदतीच्याही आधी आई गेली होती.

शनिवारी चर्च गच्च भरलं होतं. अंत्यविधी सुरू व्हायच्या आधी चर्चच्या स्वयंपाकघरात व्हर्डेल, मी आणि डीकन टॉलिव्हर उभे होतो. डीकनचं वय झालं होतं, कान गेले होते, पण ओळ द्यायला अजून तोच उभा राहायचा.

"सिस्टर आर्झेलाने मला सांगून ठेवलंय," तो म्हणाला. "तिचे शब्द होझियाने लिहून घेतलेत. दे पोरी, मी एकदा डोळ्यांखालून घालतो."

व्हर्डेलने बायबल उघडलं, कागद काढला, घडी उलगडली. ती मेम्फिसच्या शाळेत तिसरीला शिकवायची. लिहायला न येणाऱ्या पोरांनी वहीत ओढलेल्या रेघा तिने रोज बघितलेल्या. तिने कागदाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी शेगडीवरच्या पातेल्याकडे बघत होतो.

"पेन्सिल पुसून गेलीय, डीकन," ती मोठ्याने म्हणाली. "काही दिसत नाही. होझीला पाठ आहे, तोच ओळ देईल."

आणि कागद तिने आपल्या पर्समध्ये टाकला.

मी शवपेटीजवळ उभा राहिलो. पहिली ओळ दिली. थांब जरा, प्रभू. मंडळींनी ती घेतली आणि लांबवली, पूर्वीसारखी. दुसरी दिली. तिसरीसाठी तोंड उघडलं आणि मनात काहीच नव्हतं. चिखल नाही, बंधारा नाही. होती ती रेल्वेगाडी. तीनशे माणसं वाट बघत होती. मी गाडी दिली. त्यांनी गाडी घेतली. लाल बुटांच्या जागी मी पांढरा झगा म्हटलं, पर्लीच्या जागी प्रभू. स्टेशन तसंच राहिलं. बायका रडत होत्या. एका बाकावर कुणीतरी पायाने ठेका धरला होता, पॅप-पा-पॅप यायचं त्या जागी.

बाहेर आल्यावर डीकनने माझा हात दोन्ही हातांत धरला.

"किती वर्षांनी ऐकलं," तो म्हणाला. "अगदी तिचेच शब्द. मला आठवत होतं, त्यात आगगाडी होती."

"आभारी आहे, डीकन," मी म्हणालो.

 संध्याकाळी भांडी पुसताना व्हर्डेल एवढंच म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर मी तुझ्याशेजारी येऊन बसले असते."

"तू नव्हतीस घरी."

"त्या दिवशी नाही रे. आधी. तीस वर्षांत कधीतरी."

मला अक्षरं शिकवली तीही तिनेच, एकोणसाठाव्या वर्षी, ती नोकरीतून निवृत्त झाल्यावर. तिच्या तिसरीच्या पुस्तकावरून. मी चुकलो की ती टेबलावर पट्टी आपटायची, सवयीने. आम्ही दोघांनी आईची कडवी आठवून लिहायचा पुष्कळ प्रयत्न केला. पहिल्या दोन ओळी, बंधाऱ्याची एक, आणि शेवटच्या कडव्यातला एक शब्द, पोती. व्हर्डेलला वाटतं की एका ओळीत खेचर होतं. मला वाटत नाही. चर्चमधलं तेव्हाचं विचारण्यासारखं कुणी उरलेलं नाही.

गेल्या वर्षी माउंट निबोने स्वतःचं गाण्यांचं पुस्तक छापलं, निळ्या पुठ्ठ्याचं. आता सगळ्यांना वाचता येतं, तरी अंत्यविधीत ओळ द्यायची रीत त्यांनी ठेवली आहे, आणि दर वेळी हेच गाणं म्हणतात. पास्टरबाईंनी पहिली प्रत माझ्या घरी आणून दिली. तरुण आहेत, डीकनची पणती. मी त्यांना खुर्ची दिली, चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचायला लागलो. अठ्ठेचाळिसाव्या पानावर होतं. वर लिहिलं होतं, शब्द आणि चाल : सिस्टर आर्झेला ग्रॅनबेरी. खाली रेल्वेगाडी, स्टेशन, पांढरा झगा.

"काही चुकलंय का, ब्रदर होझिया?" त्यांनी विचारलं. "तुम्ही लेखक माणूस, म्हणून आधी तुमच्याकडे आणलं. दुसरी आवृत्ती काढताना दुरुस्त करू."

मी पान पुन्हा वरपासून वाचलं. मला वेळ लागतो. त्या थांबल्या.

"आईचं नाव बरोबर आहे," मी म्हणालो.