सुईच्या टोकावरची खाच

बायको गेल्यावर चष्मेवाल्याचं दुकान बंद झालं ते बंदच राहिलं. तो घरात असायचा, पण असून नसल्यासारखा. मेहुणी सोबतीला येऊन राहिली होती. ती वाढेल ते तो खायचा, बहिणीच्या कपड्यांचं काय करायचं असं तिने विचारलं की "बघ तू" म्हणायचा. भेटायला येणारे त्याचा हात हातात घेऊन बसायचे आणि तो त्यांच्या चष्म्यांच्या सैल दांड्यांकडे बघत राहायचा. डोळ्यांत टिपूस नाही. लोक म्हणायचे, धीराचा माणूस. धीर वगैरे काही नव्हता. खिशात हात घालावा आणि हाताला काहीच लागू नये, तसं झालं होतं.

अशात एका सकाळी तळमजल्यावरची शिंपीण जिना चढून आली आणि दारातच उभी राहिली. तिच्या नवऱ्याला इस्पितळातून घरी सोडलं होतं, सोबत ऑक्सिजनचं मशीन दिलं होतं, आणि हल्ली दुपार झाली की वीज हमखास जायची. मागच्या अंगणात चष्मेवाल्याचा जनरेटर झाकून ठेवलेला आहे, तो काही दिवस मिळेल का, एवढंच तिला विचारायचं होतं. विचारताना ती गळ्यातल्या टेपशी चाळा करत होती.

याच जनरेटरवरून तिने सगळ्यांचं डोकं उठवलं होतं. चष्मेवाल्याच्या बायकोचं ऑक्सिजनचं मशीन त्यावर चालायचं, आणि शिंपीण खिडकीतून ओरडायची की या फटफटीपायी माझं गिऱ्हाईक दारातून परत जातं. एकदा तर, जे जगणार आहेत त्यांनाही जगू द्या, असं म्हणाली होती. बायकोने ते ऐकलं होतं.

आत मेहुणीने भांडी आदळली. चष्मेवाल्याला राग यायला हवा होता. त्याने जरा वाट पाहिली, पण तो काही आला नाही.

"गळतोय तो," तो म्हणाला. "दुरुस्त करावा लागेल. बघतो."

अंगणात जाऊन त्याने ताडपत्री काढली तसा पेट्रोलचा वास नाकात शिरला. टाकीखालचा कॉक, म्हणजे पेट्रोलची तोटी, बंद करून त्याने कार्बोरेटर फडक्याने कोरडा पुसला, खाली वर्तमानपत्र अंथरलं, कॉक पुन्हा उघडला आणि उकिडवा बसून नुसता बघत राहिला. आधी त्याला वाटलं होतं, कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचं रबर गेलं असणार. पण वाटीची कड कोरडीच राहिली. थेंब येत होते ते बाजूच्या बारीक नळीतून. म्हणजे वाटी फुटकी नव्हती, भरून वाहत होती.

वाटीत पेट्रोल पुरेसं झालं की आतला फ्लोट तरंगत वर येतो आणि एक छोटीशी सुई ढकलून पेट्रोलची वाट बंद करतो. इथे वाट बंद होत नव्हती. कॉक बंद करून त्याने वाटी उतरवली, फ्लोट कानाशी हलवून पाहिला. आत पेट्रोल शिरलेलं नव्हतं. सुई जिथे बसते तिथला गाळ त्याने काडीला कापूस गुंडाळून साफ केला, सगळं परत जोडलं, कॉक उघडला. पुन्हा थेंब.

मेहुणी चहा घेऊन खाली आली. कप पायरीवर ठेवून ती तिथेच बसली.

"ताईला ती काय काय बोलली, विसरलात भाऊजी?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही."

कॉक बंद करून त्याने वाटी पुन्हा उतरवली. टाकीकडून येणारी नळी टाकीपाशी सोडवून तोंडात धरली, बोटाने फ्लोट वर दाबला आणि फुंकर मारली. हवा अडायला हवी होती, ती सुळकन निघून गेली. त्याने सुई काढली. खिशातलं दुकानातलं भिंग डोळ्याला लावलं. सुईच्या रबरी टोकावर गोल खाच पडली होती, केसाएवढी बारीक.

"तुम्हाला काही वाटतं की नाही?" मेहुणीने विचारलं. तिचा आवाज चिरकला होता.

भिंग न काढताच तो म्हणाला, "नाही वाटत गं. मी रोज बघतो, वाटतंय का."

 मेहुणीने पेट्रोलने भिजलेला कागद उचलून दूर नेऊन ठेवला.

सुट्या भागांच्या दुकानदाराचं म्हणणं पडलं की नुसती सुई कशाला, अख्खा कार्बोरेटरच बदला, कटकट मिटेल. चष्मेवाल्याने वाद घातला नाही. तळहातावर जुनी सुई धरून तो तसाच उभा राहिला, तेव्हा दुकानदाराने नाइलाजाने खण उपसले आणि त्याच मापाची सुई काढून दिली. ती बसवल्यावर फुंकर अडली. कॉक उघडा ठेवून त्याने बराच वेळ पाहिलं. नळी कोरडीच राहिली. सांडलेलं पेट्रोल वाळू दिलं, आणि मग दोरी ओढली. तिसऱ्या झटक्याला जनरेटर धडधडला.

दुपारी वीज गेली. खिडकीतून वायर आत घेतल्यावर शिंपिणीच्या नवऱ्याचं मशीन चालू झालं. जनरेटर उघड्यावरच ठेवायचा, घरात कधी घ्यायचा नाही, बंद केला की कॉकही बंद करायचा, असं सगळं त्याने तिला नीट समजावलं. ती मान हलवत होती, पण लक्ष नव्हतं.

"मी तुमच्या बायकोला नको नको ते बोलले," ती म्हणाली.

"हो, बोललात," तो म्हणाला. "तिला लागलं होतं."

शिंपिणीने खाली पाहिलं.  बाहेर जनरेटर चालला होता, आत मशीन श्वासासारखं हुसहुस करत होतं. तिने खुर्ची पुढे सरकवली. तो बसला.

पुढचं त्याला मेहुणीने सांगितलं. तो बराच वेळ आला नाही म्हणून ती तावातावाने खाली गेली, तर भाऊजी शिवणयंत्राशेजारच्या खुर्चीत मान टाकून गाढ झोपलेले. शिंपिणीने तिला खूण केली, उठवू नका. मेहुणी उंबऱ्यावरच बसून राहिली. मध्येच शिंपिणीने तिला पाण्याचा तांब्या आणून दिला, आणि मेहुणीने घेतला. 

वीज आली तेव्हा शिंपीण स्वतः अंगणात गेली आणि जनरेटर बंद करून आली. कॉक बंद करायला मात्र विसरली. मग मेहुणीने उठून तो बंद केला.