चित्रातली बाई हयात आहे

कामशेतच्या चौकात फ्लेक्स लागला, तेव्हा तो टांगणाऱ्या दोघांनी खाली उतरून त्याला हात जोडले. काम नीट पार पडलं म्हणून जोडले असतील, असं हुमेराला वाटलं. तिने फोटो काढून श्रीयशला पाठवला आणि ती तळेगावला घरी गेली.

हुमेरा पुण्यात उपयोजित कला शिकत होती. तिच्याच कॉलेजातल्या श्रीयशने पदवीसाठी भयपट केला होता, 'पाण्याखालचं खाचर'. धरणात बुडालेल्या आपल्या शेतात एक बाई रोज रात्री भात लावायला उतरते, अशी गोष्ट. ती बाई वडिवळ्याच्या कस्तुराबाई झाल्या होत्या. त्या आयुष्यभर भातच लावत आल्या होत्या. कॅमेऱ्यासमोरही त्यांनी तेवढंच केलं आणि एकदा मान वर करून पाहिलं. त्या एका पाहण्यावर हुमेराने सगळं पोस्टर उभं केलं होतं. विद्यार्थ्यांचे सिनेमे पुण्यात होतात आणि विद्यार्थीच ते बघतात. हा लोणावळ्यात दाखवायचा आणि मावळातल्या लोकांनी येऊन बघायचा, हा हट्टही तिचाच.

दुसऱ्या दिवशी श्रीयशचा फोन आला.

"धोंडिबा आबा भडकलेत. कस्तुरामावशींचे भाऊ, परंदवडीचे. त्यांनी चौकात फ्लेक्स पाहिला आणि टेम्पो भरून माणसं घेऊन वडिवळ्याला गेले."

"कशाला?"

"मयताला."

हुमेराने मोबाइलवरचा फोटो पुन्हा उघडला. या वेळी तिने तो एसटीतून उतरणाऱ्या माणसासारखा पाहिला. मधोमध काळापांढरा चेहरा. भोवती भाताच्या रोपांचं कडं, हारासारखं. खाली ठळक अक्षरांत कस्तुराबाईंचं नाव. त्याखाली 'रविवार, सायंकाळी पाच वाजता'. तळाशी सिनेमा करणाऱ्यांची नावं, दोन रांगांत. सिनेमाचं नाव वर होतं, पाण्यात विरघळल्यासारख्या बारीक अक्षरांत, रस्त्यावरून न दिसणारं. आणि ज्या सांगाड्यावर हे लावलं होतं, त्यावर कितीतरी वर्षं फक्त श्रद्धांजलीचे फ्लेक्स लागत आले होते. गावात कोण गेलं, हे लोक तिथेच बघत.

"मी उतरवायला सांगितलंय," श्रीयश म्हणाला. "तू चेहरा काढ. नुसतं पाणी ठेव."

"नुसतं पाणी बघायला लोणावळ्याला कोण येईल? धरण त्यांच्या दारात आहे."

"हुमेरा, ते म्हणतायत की चेहरा दिसला तर रविवारी येऊन खेळ बंद पाडू."

"मी जाऊन बोलते त्यांच्याशी. तोवर नवीन काही छापू नकोस."

वडिवळ्यात कस्तुराबाई ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या. धोंडिबा आबा खांबाला टेकून पाठमोरे बसले होते. आदल्या दिवसापासून ते घरी गेले नव्हते आणि बहिणीशी धड बोललेही नव्हते.

"ये गं," कस्तुराबाई म्हणाल्या. "ह्यो बघ, माझा दुखवटा अजून चाललाय."

"हसन्यावारी नेऊ नको, अक्का," आबा न वळता म्हणाले. "वाटंभर रडत आलो मी."

"आनि हितं आल्यावर पयला शबूद काय काढलास? सांग तिला."

आबांनी टोपी डोळ्यांवर ओढली.

"म्हनला, तू जित्ती कशी."

हुमेराला हसू आलं, पण ते तिने आवरलं. ती आबांच्या समोर जाऊन बसली. "आबा, चूक माझी आहे. कडं काढते, खालची नावं काढते, सिनेमाचं नाव मोठं करते. चेहरा मात्र राहू द्या. सिनेमा मावशींचा आहे."

"काय बी कर. एकदा मेलं म्हनल्यावर लोक मेलंच धरत्यात. म्हनतील, जुना फोटू हाय."

"रंगीत केला तर?"

"कर की."

तिने तो रंगीत करून पाहिला. तळेगावला मकसूदचाचांच्या छपाईच्या दुकानात पडद्यावर हिरवी साडी, लाल कुंकू, निळं पाणी उमटलं. चाचा चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले.

"आता वाढदिवस वाटतोय," ते म्हणाले. "खाली शुभेच्छुक टाक."

"चाचा, पहिला छापताना तुम्ही काही बोलला नाहीत."

"मयताच्या कामात काय बोलायचं? मी तर पोरांना सांगितलं, सांभाळून लावा, बाईमाणूस आहे."

हुमेराने रंग काढून टाकले. चेहरा पुन्हा काळापांढरा केला, आधीपेक्षा मोठा, पार कडेपर्यंत. सिनेमाचं नाव इतकं जाड केलं की धावत्या गाडीतूनही वाचता यावं. दिवस आणि वेळेआधी 'भयपटाचा खेळ' असं घातलं. तरीही काहीतरी अडत होतं. आबांचं म्हणणं खरं होतं. बातमी एकदा गेली की ती परत बोलवायला वेगळी बातमी लागते. तिने बाजारात वाटायच्या हँडबिलाची फाइल उघडली आणि तळाशी, जिथे जाहिरातीत दुकानाचा पत्ता असतो, तिथे एक ओळ टाइप केली.

'चित्रातली बाई हयात आहे. रविवारी स्वतः हजर राहील.'

मकसूदचाचांनी ती वाचली आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. "हे वाचून भीती वाटते गं," ते म्हणाले.

"तीच ओळ फ्लेक्सवरही घ्या. आणि तो त्याच सांगाड्यावर लागेल."

पण आधी तिने हँडबिल आणि फ्लेक्सचा छोटा नमुना वडिवळ्याला नेला. कस्तुराबाईंना ती ओळ वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा वाचायला लावली.

"ही वाटनार कोन?"

"मी. बाजाराच्या दिवशी, फ्लेक्सखाली उभी राहून."

"तू दिल्यावर कोन इस्वास ठेवंल? मी देते."

"अक्का, लोक हसत्याल," आबा म्हणाले.

"हसू दे. रडून झालंय न्हवं तुमचं?"

आबांनी हँडबिल हातात घेतलं, बराच वेळ धरून ठेवलं, मग घडी घालून खिशात टाकलं. "मी बी येतो बाजारला," ते म्हणाले. "कुनी वंगाळ बोललं तर बघतो."

बाजाराच्या दिवशी कस्तुराबाई ठेवणीतली साडी नेसून फ्लेक्सखाली उभ्या राहिल्या. आबा थोडे अंतर ठेवून. बसमधून उतरणारे लोक सवयीने आधी वर बघत, हळहळत, मग पुढे निघत आणि समोर तोच चेहरा कागद पुढे करत असे. काही जण हसले. काहींनी कागद घेऊन चालता चालता वाचला आणि शेवटच्या ओळीशी थांबून मागे वळून पाहिलं. एका बाईने आधी कस्तुराबाईंचं मनगट चाचपलं, मगच कागद घेतला.

कांदे विकायला बसलेल्या लीलाबाई या कस्तुराबाईंच्या जुन्या सोबतीण. त्यांनी वर पाहिलं, समोर पाहिलं, पण हात काही पुढे केला नाही.

"तितं ठेव," त्या म्हणाल्या. "कांद्यावर."

कस्तुराबाईंनी कागद ढिगावर ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर एक कांदा ठेवला. "रविवारी ये. लोनावळ्याला."

"येते. पर बसमधी माझ्या शेजारी बसायचं न्हाई."

वाकलेल्या कस्तुराबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, सिनेमात पाहिलं होतं तसंच. लीलाबाई टोपलीसकट मागे सरकल्या.

हुमेरा पलीकडेच उभी होती. त्या एका पाहण्याने कुणीतरी दचकावं, हे पोस्टर केल्यापासून तिला बघायचं होतं; ते आता तिने पाहिलं. तिने पिशवीतून हँडबिलांचा दुसरा गठ्ठा काढला, दोरी तोडली आणि कस्तुराबाईंच्या हातात दिला.