साळुंक्यांचे डोळे कोणी बरे केले?

भभूतीबाबाच्या पारासमोर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्या माना वर. देवळाच्या कळसावर साळुंक्या कलकलाट करत होत्या. उन्हाळ्यात याच पाखरांच्या डोळ्यांभोवती फोड आले होते, आंधळी होऊन ती देवळाच्या ओट्यावर आपटत होती. बाबानं पाण्याच्या कुंडीत चिमूटभर राख टाकली आणि हळूहळू पाखरांचे डोळे उघडले. अख्ख्या गावानं पाहिलं. मीही पाहिलं, तीच तर पंचाईत होती.

"जे पाखराले लागू, ते मानसाले लागू!" बाबा ओरडला. "पिओ भभूती, रोग की छुट्टी! दवाखान्याची गोळी म्हंजे पोटात जहर!"

कौसल्यामावशीनं तांब्या पुढे केला.

ही माझ्या आईची धाकटी बहीण. तिला टीबी आहे. गोळ्या अर्ध्यावर सोडून ती राखेचं पाणी पीत होती आणि खोकला परत आला होता. मी सांगून सांगून थकले होते.

"गोळी खाय ना वं मावशी."

"खुशी, साळुंकीनं खाल्ली काय गोळी? दहावीत गेली म्हनून बाबापरीस शायनी झाली काय?"

साळुंक्यांचं कोडं सोडवायलाच हवं होतं. मग मुकुटबनला जाऊन गुरांच्या डॉक्टर मैत्रेयीताईंना गाठलं.

"ही पाखरांची देवी, फोडांचा रोग," त्या म्हणाल्या. "अंगात ताकद असली तर फोड बहुतेक वेळा आपसूक वाळतात. ताकद येते किड्यांतून, वाळवीतून, उंबरांतून. तुमच्या गावात पाखरं काय खातात?"

मी सगळं सांगितलं, बाबाच्या राखेचंही. आमच्याकडे नवस फिटला की ओट्यावर पाखरांना शेव-बुंदी टाकतात. रोज कोणाचा ना कोणाचा नवस फिटतोच. आयतं मिळाल्यावर किडे कोण शोधणार?

"मग बाबानं राखेशिवाय आणखी काय बदललं ते बघ," ताई म्हणाल्या.

ते तर मला पाठ होतं! बाबानं पहिल्याच दिवशी फर्मान काढलं होतं: पाखरांचा घास ओट्यावर नाही, माझ्या चरणी ठेवा.

दुसऱ्या सकाळी आरती संपली तशी मी मावशीचा हात धरून तिला रस्त्यापलीकडच्या रामलालच्या हॉटेलापाशी नेलं. गर्दी मागे आलीच, तमाशा कोणाला नको? सांडलेल्या भज्यांवर तिथे साळुंक्या तुटून पडल्या होत्या. कोणाचा एक डोळा फोडांनी मिटलेला, कोणाचे दोन्ही.

"हे पाखरं पानी कुठलं पेतात, रामलालकाका?"

"तुमच्या बाबाच्याच कुंडीतलं. इथं जवळ दुसरं पानी हाय कुठं?"

"आन् नाल्यावरच्या उंबराच्या साळुंक्या? त्या नाल्याचंच पानी पेतात, त्यायनं भभूती चाखली बी नाही. जाऊन पाहा, एकीलेबी फोड नाही."

बाबा धावत आला. "ह्या हॉटेलवाल्या पाखरायची श्रद्धा कच्ची हाय!"

"बाबा, ते भजे खातात, आरती नाही करत."

लोक हसले. मला जोर चढला.

"पाखरं भभूतीनं नाही, तुमच्या पोटानं वाचले! शेव-बुंदी तुम्ही खाल्ली, म्हनून त्यायले किडे-उंबरं शोधावे लागले!"

बाबानं ढेकर आवरला की शिवी, कळलं नाही. पण टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. "तरी भभूतीत कायतरी असनच," असं म्हणत किसनराव परत पाराकडे वळले. त्यांच्यामागे निम्मे लोक.

मावशी मात्र तिथेच उभी. "मंग मीबी उंबरंच खातो. गोळी कायले?"

मी रामलालकाकांच्या बाकावर बसले. रडावं की हसावं? मग पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पाखरांची देवी वेगळी, तुझा टीबी वेगळा. अंडी, डाळ, शेंगदाणे खा, अंगात जोर येईल. पण टीबीचे जंतू गोळीच मारते.

"आन् गोळीनं मळमळलं तं?"

"तं डॉक्टरले सांगू. दोघी जाऊ."

मावशीनं तांब्यातलं पाणी रस्त्यावर ओतलं. दुपारच्या बसनं आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टर रागावले, थुंकी तपासायला घेतली, औषध पुन्हा सुरू केलं.

निम्मं गाव अजून पारावर आहे. एका दिवसात सगळे उठतील असं मला आता वाटत नाही. पण कोणी चमत्कार दाखवला तर एवढंच विचारा: त्याच वेळी आणखी काय बदललं होतं? आणि उत्तर मिळेपर्यंत कृपा करून गोळी थांबवू नका.