भिंतीवरून उतरलेली ताटली

मी एक जुनी ताटली आहे, मित्रांनो, आणि माझा थरकाप अजून गेलेला नाही.

शंभरेक वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका समुद्रकाठच्या गावात, शिसं मिसळलेल्या लेपावर एका बाईने पांढऱ्या टोपीची शेतकरीण रंगवली आणि मला भट्टीत भाजलं. भोवतीच्या फुलांतली एक पाकळी फसली, पण ती मला शोभते. त्या लेपामुळेच मी चमकते आणि त्याच्यामुळेच माझ्यात जेवू नये. आंबट ठेवलं की शिसं त्यात उतरतं.

मदिनेत राहणाऱ्या, मूळच्या दापोलीच्या कुबराला अशा ताटल्या जमवायचा भारी नाद. जेद्दाहून मायदेशी निघालेल्या एका फ्रेंच नर्सने मला तिच्या हाती दिलं, तेव्हा यात जेवू नका, असं दोनदा बजावलं होतं. कुबराने मला भिंतीवर टांगलं.

"ताटल्या भिंतीवर आणि आम्ही कागदी प्लेटमध्ये!" तिचा नवरा नसरुद्दीन चिडवायचा.

रमजानात शेजारी इफ्तार पाठवायची रीत. आलेली ताटली रिकामी परत कशी धाडायची, म्हणून घरातल्या साऱ्या ताटल्या शेजाऱ्यांकडेच अडकलेल्या. मग कुबराच्या नऊ वर्षांच्या लेकीने, अरवाने, खुर्चीवर चढून मला उतरवलं. माझ्यात दहीवडे घातले, वर चिंचेची चटणी. अगं बाई, चिंच! मी मनातल्या मनात किंचाळले.

खालच्या मजल्यावरच्या शेजारणीच्या, सानियाच्या, दस्तरखानावर म्हणजे जेवणासाठी अंथरलेल्या चादरीवर मला ठेवलं. तिच्या तीन वर्षांच्या हम्मादला कुठला रोजा! त्याने चटणीत बोट बुडवलं. तेवढ्यात अजान झाली. सानियाने वड्याला हात घातला, तोच भिंत रिकामी दिसलेली कुबरा अनवाणी धावत आली आणि तिने मला खेचून घेतलं.

"कुबराआपा! तोंडाशी आलेलं इफ्तार काढून नेता?" सानिया थक्क झाली.

"विष उतरतं गं या ताटलीतून! पोराने खाल्लं का काही?"

सानियाने हम्मादचं बोट ओठांपाशीच धरलं. "नाही, नाही खाल्लं," म्हणत तिने ते खसाखसा धुतलं.

"सॉरी अम्मी, सब प्लेट्स खतम थीं," मागून आलेली अरवा रडत म्हणाली. "आपने बताया ही नहीं!"

"खरंय," कुबरा म्हणाली. "नर्सने मला सांगितलं होतं. तुला सांगायचं मीच विसरले."

मित्रांनो, जुनी रंगीत भांडी हौसेने जमवा, डोळे भरून पाहा, पण त्यांत जेवू नका. आणि धोक्याचं जे असेल, ते घरातल्या मुलांना आधी सांगा. भिंतीवर आयुष्य काढलेल्या माझ्यात त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी वाढलं होतं, आणि मी मात्र एकच प्रार्थना करत होते, की माझ्यातला एकही घास कुणाच्या तोंडात जाऊ नये.